ताटलीच्या कडेला ठेवलेला हत्ती

वाढदिवस उरकून पाहुणे गेले, की मी ताटल्या बघते. जुनी खोड आहे. फुगे जमिनीलगत लोळत असतात, कुणाचा तरी एक मोजा सोफ्याखाली राहिलेला असतो आणि ओट्यावर कागदी ताटल्यांची चळत साचलेली असते. एकेक ताटली उचलायची, बघायची, पिशवीत टाकायची. केक कुठे उरलेला नसतो. उरतं ते फॉन्डंट, म्हणजे केकवर पांघरलेली साखरेची पोळी. नखानं अलगद सोलून, दुमडून कडेला ठेवलेलं, सकाळी उठताना पांघरूण बाजूला सारावं तसं. काहींनी तर ते इतक्या सफाईनं काढलेलं असतं की वाटतं, झटकून पुन्हा कशावर तरी चढवता येईल.

त्या पांघरुणापायी मी तीन रात्री जागलेली असते.

पूर्वी राग यायचा. आता मी बघते: किती ताटल्यांत उरलं, केवढं जाड उरलं, लहानांनी खाल्लं की मोठ्यांनी. सात वर्षं घरच्या आणि ओळखीपाळखीच्या लोकांसाठी केक सजवून मला जे काही कळलंय, त्यातलं बरंचसं या ताटल्यांनी सांगितलंय.

सुरुवात भाचीच्या चौथ्या वाढदिवसाला झाली. ताईनं फोनवर सहज विचारलं, "केक तू करशील का गं?" केक मला येत होता, साधा, लोण्याचा, वर थोडं क्रीम फासलेला. पण मागून भाचीनं ओरडून सांगितलं की केकवर हत्ती हवा आणि तो खोटा नको, खायचा हवा. क्रीमचा हत्ती नोझलनं काढता येतो, पण तो चपटा, आडवा पडलेला. चार पायांवर उभा राहणारा हत्ती हवा तर फॉन्डंटला पर्याय नव्हता. मी दोन व्हिडिओ पाहिले आणि मनात म्हटलं, यात काय आहे, मळायचं नि लाटायचं, आजवर दुसरं काय केलंय?

इथंच फसले. कणीक सोशिक असते. लाटताना फाटली, गोळा करा, पुन्हा लाटा, ती मनात धरत नाही. फॉन्डंट सगळं लक्षात ठेवतं. पाच-दहा मिनिटं उघड्यावर राहिलं की वरून सुकायला लागतं. मग केकवर टाकून कडेवरून खाली ओढलं की नेमक्या त्या वळणावर बारीक सुरकुत्या उमटतात, भेगा पडतात. मी पिवळी पोळी छान ऐसपैस लाटली, मध्येच फोन घेतला, परत येऊन ती केकवर टाकली आणि वरची सगळी कड तडकून गेली. रात्रीचे साडेअकरा वाजलेले. दुसरं फॉन्डंट घरात नाही. नवरा पाणी प्यायला आला, केककडे बघून म्हणाला, "अरे वा, हत्तीच्या पायासारखं दिसतंय."

त्याला मी काय उत्तर दिलं ते इथं लिहीत नाही. पण या दोषाला केकवाल्यांच्या बोलीत खरोखरच 'हत्तीची कातडी' म्हणतात, हे मला पुढं कधीतरी कळलं. त्या रात्री मी कोरड्या ब्रशनं भेगांमध्ये कोको पावडर भरली. उन्हानं तडकलेली जमीन झाली, तिच्यावर हत्ती उभा केला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी विचारलं, जमिनीचा तो परिणाम कसा साधलास? मी म्हटलं, सराव लागतो.

फॉन्डंट हा शब्द फ्रेंच आहे, 'वितळणारं' अशा अर्थाचा. मूळचं फॉन्डंट लाटायचं नसतंच, ते ओतायचं असतं. साखरेचा पाक साधारण ११५ अंश सेल्सिअसपर्यंत चढवतात, अजिबात न हलवता कोमट होऊ देतात आणि मग घोट घोट घोटतात. घोटता घोटता तो पांढराशुभ्र होतो. साखर पुन्हा कणी धरते, पण इतकी बारीक की जिभेला तिचा पत्ता लागत नाही. काही चॉकलेटांच्या पोटात जे मऊ, पांढरं, विरघळणारं सारण सापडतं, ते हेच. आपण केकवर पांघरतो ते त्याचं चुलत भावंड. ते आयसिंग शुगरचं असतं, साखरेचा पाक त्यात होतच नाही. तोंडात टाकलं तर वितळत नाही, चघळावं लागतं. घराण्याचं नाव तेवढं त्याच्याकडे आलंय, गुण आलेला नाही.

ते घरी करता येतं. साधारण ९०० ग्रॅम चाळलेली आयसिंग शुगर, ६० मिलिलिटर पाण्यात भिजवून विरघळवलेलं चमचाभर जिलेटिन, अर्धा कप लिक्विड ग्लुकोज आणि मोठा चमचाभर ग्लिसरीन. पहिल्यांदा वाचताना मला ही यादी औषधाच्या दुकानातली वाटली होती. पण प्रत्येकाचं काम ठरलेलं आहे. जिलेटिन ताण देतं, त्यामुळं पोळी उचलताना तुटत नाही. ग्लुकोज साखरेला मोठे खडे धरू देत नाही. ग्लिसरीन हवेतला ओलावा धरून ठेवतं आणि गोळा मऊ राहतो. यातलं एक वगळलं की तीच जागा बोंब मारते. मी एकदा ग्लिसरीन संपलंय म्हणून तसंच रेटलं, तर सकाळी डब्यात खडू. जिलेटिन प्राण्यांपासून काढतात, त्यामुळं शाकाहारी मंडळी येणार असतील तर विकतचं, वनस्पतीजन्य डिंक वापरलेलं फॉन्डंट पाकिटावरचं वाचून घ्यायचं. मार्शमेलो वितळवून त्यात साखर मळूनही फॉन्डंट होतं, चवीला जरा बरं लागतं, पण मार्शमेलोतही बहुधा जिलेटिन असतंच, हे विसरायला होतं.

खरं सांगायचं तर मी हल्ली पांढरं फॉन्डंट विकत आणते. घरी मळलेल्याचा अभिमान दोन वर्षं पुरला. किलोभर साखर मळून दुसऱ्या दिवशी मनगट वळेना, तेव्हा तो संपला.

फॉन्डंट सगळं झाकतं असं लोकांना वाटतं. मलाही वाटायचं. वाकडा केक, खड्डे, फुगवटे, सगळ्यावर एकदा हे पांघरूण टाकलं की झालं. प्रत्यक्षात उलट होतं. क्रीमनं लपतं ते फॉन्डंटनं उघडं पडतं. आत बोटाएवढा खळगा असला तरी वरून तो दिसतो, बाजूनं उजेड पडला की जास्तच. म्हणून सगळी मेहनत आतच करायची. केकचा फुगलेला माथा सुरीनं सपाट करायचा. पातळ लेप देऊन सुटे कण जागीच चिकटवायचे, थंड करायचं. मग दुसरा, खरा लेप. मी आता चॉकलेट गनाशच वापरते: गडद चॉकलेट असेल तर दोन भाग चॉकलेटला एक भाग क्रीम, पांढरं असेल तर तीनास एक, कारण पांढरं जात्याच मऊ. हवा गरम असेल तर चॉकलेट आणखी थोडं वाढवायचं. हे रात्रभर बाहेर ठेवलं की भिंतीसारखं घट्ट होतं आणि भिंतीसारखंच पट्टीनं तासता येतं. गरम पाण्यात बुडवून पुसलेली स्टीलची पट्टी, हळूहळू फिरणारं टर्नटेबल आणि कुणीही बोलायला येणार नाही असा एक तास. मला या सगळ्या उद्योगातला हा सर्वांत आवडता भाग. यातलं काही कुणाला दिसणार नसतं, म्हणून घाईही नसते.

फेटलेल्या क्रीमवर फॉन्डंट टाकू नये. एवढं एकच वाक्य मला कुणी सुरुवातीला सांगितलं असतं तर एक पूर्ण केक वाचला असता. साखर पाणी ओढते. ओल्या क्रीमला ती चिकटली की त्यातलं पाणी स्वतःकडे खेचते, आतून विरघळत जाते आणि तासाभरात पोळी खाली सरकायला लागते. कापलेल्या ताज्या फळांचंही तेच. फळं हवीच असतील तर आतल्या थरांत, भोवती गनाशचा बांध घालून.

पोळी किती मोठी लाटायची याचा हिशेब अगदी शाळेतला. केकचा व्यास अधिक दोन्ही बाजूंची उंची. २० सेंटिमीटर व्यासाच्या, १० सेंटिमीटर उंच केकला ४० सेंटिमीटरची पोळी तरी हवीच. ४ मिलिमीटर जाड लाटली तर सुमारे ७०० ग्रॅम फॉन्डंट लागतं. केक नुसता ५ सेंटिमीटरनं रुंद केला की ते ९०० ग्रॅमवर जातं. शाळेत क्षेत्रफळ शिकवताना 'याचा पुढं उपयोग काय' असं विचारणाऱ्यांत मी पहिली होते.

लाटताना खाली कॉर्नफ्लोर किंवा आयसिंग शुगर भुरभुरायची, कमीत कमी. जास्त झाली की पोळी कोरडी पडते आणि तो हत्ती पुन्हा भेटायला येतो. दर दोन लाटण्यांनंतर पोळी किंचित फिरवत राहायची, नाहीतर ती ओट्याला घट्ट धरून बसते. लाटण्यावर गुंडाळून उचलायची, केकवर मधोमध सोडायची. मग वरचा पृष्ठभाग आधी तळव्यानं बसवायचा, लगेच वरची कड, कारण लटकणारं वजन तिलाच फाडतं, आणि मग भोवतीचा घोळ. घागऱ्याचा घेर सोडवावा तसा एका हातानं घेर बाहेर ओढायचा, दुसऱ्या हातानं वरून खाली बसवत जायचं. चुणी पडली तर दाबायची नाही. दाबलेली चुणी कायमची. ती उलगडून, फाकवून, थोडी खाली घ्यायची. आत हवेचा फुगा अडकला तर बारीक सुई तिरपी टोचून हवा काढायची आणि ती सुई लगेच, त्याच क्षणी, जागेवर ठेवायची. माझ्याकडे त्यासाठी लाल मोठ्या डोक्याची एकच टाचणी आहे आणि तिला घरात मानाचं स्थान आहे. केकच्या आसपास हरवलेली टाचणी म्हणजे काय, ते एकदा अर्धा तास अनुभवलंय. सापडली, माझ्याच बाहीत. पण त्या अर्ध्या तासात माझं वय वाढलं.

फ्रीजचं एक सांगायलाच हवं. एका मैत्रिणीच्या आईबाबांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस होता. पांढरा केक, निळी फुलं. रात्री काम संपलं आणि आता खराब व्हायला नको म्हणून मी तो तसाच उघडा फ्रीजमध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी बाहेर काढला तेव्हा अप्रतिम दिसत होता. दहा मिनिटांनी चकाकायला लागला. वीस मिनिटांनी त्याला घाम फुटला. थंड केकवर बाहेरच्या दमट हवेतलं पाणी जमत होतं, साखर ते पीत होती, आणि निळ्या पाकळ्यांखालून निळे ओघळ शांतपणे उतरत होते. मैत्रीण म्हणाली, "रडतोय का गं हा?" पुसायला जाऊ नये, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी पुसायला गेले. निळ्या फराट्यांसह तो केक कापला गेला. मैत्रिणीच्या बाबांनी दोन तुकडे खाल्ले, त्यांना मधुमेह होता आणि त्या दिवशी त्यांना कुणी अडवलं नाही, तेवढंच समाधान. आता माझा गनाशचा केक थंड, कोरड्या खोलीत खोक्यात बसतो. फ्रीज टाळता येणारच नसेल तर पुठ्ठ्याच्या बंद खोक्यात ठेवायचा आणि बाहेर काढल्यावर खोकं उघडायचं नाही. केक खोलीच्या तापमानाला येईपर्यंत ओल खोक्यावर जमू द्यायची. आणि पंख्याखाली धीर धरायचा. घाम आलाच तर हात लावायचा नाही, तो आपला आपण सुकतो.

रंग जेलचेच घ्यायचे, पातळ रंगानं गोळा चिकट होतो. टूथपिकच्या टोकानं लावायचे, आणि हवा त्याहून एक छटा फिका ठेवून थांबायचं, कारण रात्रीत रंग चढतो. लाल आणि काळा घरी मळू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. लालसाठी इतका रंग ओतावा लागतो की तो कडू लागतो, आणि काळ्याचं तर विचारूच नका: एका वाढदिवसाच्या सगळ्या फोटोंत सगळ्यांचे दात आणि ओठ काळे आहेत. तो केक मी केला होता हे तिथं आता कुणी बोलत नाही, पण ते सगळ्यांना माहीत आहे. गुलाबी आणि जांभळा उजेडात उडतात, जांभळ्यातला गुलाबी निघून गेला की निळसर उरतो. राखाडीसाठी काळा अगदी टाचणीच्या डोक्याएवढा पुरतो, पण तो कधी हिरवट झाक देतो, कधी जांभळट. माझा पहिला हत्ती जांभळट होता.

चमकीबद्दल मात्र मी कुणाचं ऐकत नाही. पाकिटावर 'नॉन-टॉक्सिक' लिहिलं म्हणजे ते खायचं झालं असं नाही. 'एडिबल' लिहिलेलं हवं आणि घटकांची यादी हवी. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेनं २०२१ साली दोन घटना नोंदवल्या होत्या: ऱ्होड आयलंडमध्ये २०१८ साली वाढदिवसाचा केक खाऊन सहा मुलं आजारी पडली, केकवरच्या चमकदार पुडीत तांबं होतं. मिझुरीमध्ये २०१९ साली एका वर्षाच्या बाळाच्या रक्तात शिसं वाढलेलं सापडलं आणि माग काढत काढत तपास त्याच्या पहिल्या वाढदिवसाच्या केकपर्यंत पोहोचला. हे वाचलं त्या दिवशी मी माझा डबा उपडा केला. सोनेरी, रुपेरी, मोरपंखी, निम्म्याअधिक बाटल्या गेल्या. फुलांच्या तारेचंही तसंच, ती केकमध्ये थेट खुपसायची नाही. आणि लहान मुलांच्या केकमध्ये टूथपिकचा आधार नको, त्याऐवजी न शिजवलेल्या स्पॅगेटीची काडी घालायची. चुकून चावली तर कुरकुरते, एवढंच.

हत्तीच्या पायांतही तीच काडी असते. नुसत्या फॉन्डंटची आकृती उभी राहत नाही, आपल्याच वजनानं खाली बसते. पाव किलो गोळ्यात चमचाभर टायलोज, म्हणजे सीएमसी नावाची घट्टपणा आणणारी खाण्याची पूड मळायची, तासभर झाकून ठेवायचं, मग ते सुकून कडक होतं. पाय आधी करायचे आणि एक दिवस सुकवायचे. दुसऱ्या दिवशी धड. तिसऱ्या दिवशी डोकं, सोंडेसकट, सोंडेखाली कापसाचा टेकू. कान शेवटी. चिकटवायला पाण्यात चिमूटभर सीएमसी विरघळवलं की झाला डिंक. घाई केली की हत्ती बसतो, आणि बसलेल्या हत्तीला 'मला बसलेलाच करायचा होता' असं म्हणून वेळ मारून नेता येते, पण चार वर्षांच्या मुलांना नाही पटत. सगळ्यात अवघड डोळे. दोन काळे ठिपके, मोहरीएवढे. एक मिलिमीटर इकडे झाला की हत्ती संशयी दिसतो, तिकडे झाला की बावळट. खाली आणि जरा दूर दूर लावले की बाळ दिसतं. मी डोळे नेहमी सकाळी लावते, चहा घेऊन झाल्यावर.

तर असा तो जांभळट हत्ती भाचीच्या केकवर तडकलेल्या जमिनीवर उभा राहिला. मेणबत्त्या विझल्या, सुरी आली आणि भाचीनं भोकाड पसरलं. हत्तीला कापायचं नाही. त्याला खायचंही नाही. 'खायचा हवा' म्हणणारी हीच. हत्ती एका वेगळ्या ताटलीच्या कडेला उभा केला, केक कापला, सगळ्यांनी खाल्ला, पिवळी जमीन सोलून ठेवली. मी त्या दिवशी पहिल्यांदा ताटल्या बघितल्या.

घरी येऊन हिशेब केला. ७०० ग्रॅम फॉन्डंट, २० तुकडे. म्हणजे माणशी ३५ ग्रॅम, जवळजवळ सगळी साखर, साधारण सात चमचे, आणि ही फक्त वरची. आतला केक आणि गनाश वेगळे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की दिवसभराची सगळी वेगळी घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत राहावी. नखानं सोलणारी माणसं अडाणी नव्हती. त्यांच्या जिभेला हिशेब आधीच झालेला होता.

साखर बघण्यासाठी करायची की खाण्यासाठी, हा घोळ तसा जुनाच. १५७४ साली फ्रान्सचा राजा तिसरा हेन्री व्हेनिसला आला, तेव्हा त्याच्यासाठी मांडलेल्या मेजवानीत ताटं, सुऱ्या, टेबलावरचं कापडसुद्धा साखरेचं होतं. सांगतात की त्यानं हातरुमाल उचलायला हात घातला आणि तो मोडला. पुढं पॅरिसमध्ये कारेम नावाच्या आचाऱ्यानं, हा १८३३ साली वारला, साखरेची आणि बदामाच्या पिठीची देवळं, मनोरे, पडके वाडे उभे केले. स्थापत्याची चित्रं बघून बघून करायचा. ती दुकानाच्या काचेत मांडलेली असत. त्या माणसानं आपल्या देवळांचे खांब कधी ताटलीत उरलेले मोजले नसतील, कारण कुणी ते ताटलीत घेतच नव्हतं. माझी पंचाईत ही की माझ्या केकवर सुरी फिरते.

म्हणून मी हळूहळू बदलत गेले. ४ मिलिमीटरवरून ३ वर आले. लाटण्याच्या दोन्ही टोकांना जाडीच्या रबरी चकत्या लावल्या की पोळी एकसारखी होते. नुसत्या गोडाला चिमूटभर मीठ आणि लिंबाचा अर्क घातला की जिभेला कुठंतरी टेकायला जागा मिळते. फॉन्डंट निम्मं आणि निम्मं मॉडेलिंग चॉकलेट, म्हणजे वितळलेल्या चॉकलेटात लिक्विड ग्लुकोज घालून केलेला गोळा, असं मिसळलं तर चवही येते आणि कड तडकतही नाही. ताटल्यांतली साठवण कमी झाली. संपली नाही.

मग कपकेक. पूर्वी मला ते दुय्यम वाटायचे, खऱ्या केकची रंगीत तालीम. १७९६ साली अमेलिया सिमन्स या अमेरिकन बाईंच्या पाककृतींत लहान कपांत भाजायचा हलका केक सापडतो, म्हणजे बिचारे सव्वादोनशे वर्षं हे ऐकून घेत असतील. आता माझा सगळा जीव त्यांच्यात आहे. साडेसहा सेंटिमीटरची गोल चकती, ३ मिलिमीटर जाड, जेमतेम १४-१५ ग्रॅमची. खाली बटरक्रीमचा पातळ थर, वर ती ओली असतानाच ठेवून तळव्यानं घुमटावर बसवायची, किंवा दोन दिवस सपाट सुकवून वर उभी खोचायची. खोचायची असेल तर अगदी शेवटी, पाहुणे दारात असताना, नाहीतर क्रीमच्या ओलाव्यानं ती मान टाकते. एखादी बिघडली तर बिघडली, उरलेल्या अकरा आहेतच. मोठ्या केकनं मला कधी अशी सवलत दिली नाही. आणि मुलं चकती आधी उचलून खातात, मुद्दाम वेगळी, बिस्किटासारखी. कपकेकच्या दिवशी पिशवीत जातात ते नुसते कागद.

ताईच्या घरी काचेच्या कपाटात तो पहिला हत्ती अजून आहे. इतक्या साखरेत मोकळं पाणी उरत नाही, त्यामुळं बुरशीला तिथं जगता येत नाही. सात वर्षांत तो सडला नाही, नुसता म्हातारा झाला. कानांच्या आतला गुलाबी रंग केव्हाच उडाला. दमट दिवसांत अंग चिकट होऊन त्याच्यावर धूळ बसली आणि ती आता निघत नाही. सोंडेला बारीक चीर गेली आहे. मी ताईला दोनदा म्हटलं, टाकून दे, नवीन करून देते. ती म्हणाली, "तू विचार भाचीला." मी विचारलं नाही.

भाची आता अकरा वर्षांची आहे. गेल्या महिन्यात माझ्या वाढदिवसाला ती दोन्ही हातांत डबा धरून आली, ताईलासुद्धा धरू दिला नाही म्हणे. आत बारा कपकेक. प्रत्येकावर राखाडी चकती आणि चकतीवर बसकण मारलेला एक हत्ती. काही संशयी, काही बावळट, एकाला एकच डोळा. राखाडीला हिरवट झाक आली होती. चकत्या चपलेच्या तळाएवढ्या जाड.

"मावशी, पाय सुकवायला वेळ नव्हता," ती म्हणाली, "म्हणून बसलेले केले."

मी म्हटलं, मला बसलेलेच आवडतात.

चहा झाला, गप्पा रंगल्या. ताई कुणाच्या तरी घर बदलण्याची लांबलचक हकिकत सांगत होती, मी हसत होते, खात होते. भाची समोर बसून माझ्या हातांकडे बघत होती. बऱ्याच वेळानं ते माझ्या लक्षात आलं आणि मी खाली पाहिलं. कपकेक संपत आला होता. ताटलीच्या कडेला, नखानं अलगद सोललेली, घडीसुद्धा न पडलेली राखाडी चकती होती आणि तिच्यावर माझ्याकडे तोंड करून तो हत्ती बसला होता.

"तू पण?" भाची म्हणाली.

मी चकती उचलली आणि हत्तीसकट तोंडात टाकली. ती बराच वेळ चघळावी लागली. तेवढ्या वेळात मला काही बोलता येत नव्हतं, ते बरंच झालं.